वरच्या खिशातला चष्मा

फाल्गुनीबेननी पाच पानं पुढे सरकवली,
निळी फाइल, वर क्लिप, क्लिपला दोरीने बांधलेलं पेन.
'वडिलांनी भरायचं हे. आईंनी त्यांचं कालच दिलं.'
मी शर्ट चाचपला आणि म्हणालो तेच,
जे बँकेत म्हणतो, रेशनच्या खिडकीवर म्हणतो,
लग्नात आहेराची वही लिहायला कोणी बसवलं तर म्हणतो:
चष्मा घरी राहिला.

'बाबा, खिशात तर आहे,' केतकी म्हणाली.
'वरच्या. दांडी दिसतेय.'

तिची तपासणी निम्मी झाली होती,
मधे पाणी प्यायला सोडलं होतं.
मला कोपऱ्यात बसू दिलं, म्हणून पाहिलं मी:
लाल-पांढरे ठोकळे तिने असे जुळवले
की घड्याळ थांबवायला बेननाच उशीर झाला.
मग शब्द आले.
घर होतं, ती म्हणाली धर.
धन होतं, ती म्हणाली घन.
'पुन्हा बघ बेटा' म्हटल्यावर
खुर्चीखाली तिच्या पायाचा अंगठा
चपलेचा पट्टा कुरतडू लागला,
आणि इकडे माझ्या बुटात
माझा अंगठा.

काल पहिल्याच मिनिटाला विचारलं होतं त्यांनी,
टेस्ट कुठल्या भाषेत घेऊ?
घरी मराठी, शाळेत गुजराती, ट्यूशनला इंग्रजी,
गल्लीत भांडायला हिंदी.
वृंदा म्हणाली, 'जिच्यात ती सगळ्यात कमी घाबरते, तिच्यात.'
तशी भाषा फॉर्मवर नव्हती.

नवापुऱ्याच्या शाळेत माझं नाव एकाच अक्षराचं होतं.
ढ.
गुजरातीत अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते,
सगळी घरं बिनछपराची.
काकांची पत्रं मराठीत यायची,
त्यांतली अक्षरं दोरीवर लोंबकळायची, ओली.
इकडून तिकडे जाताना
कितीकांनी तोंडं फिरवली,
हा एक मात्र दोन्हीकडे तसाच राहिला.
मला ओळखायला सोपं जावं म्हणून असेल.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये एकवीस वर्षं फिटर आहे मी.
व्हर्नियर हातात द्या,
दोन शतांश मिलिमीटरचा खोटेपणा पकडतो.
ड्रॉइंग उलटं धरलं तरी कळतं,
बऱ्याचदा उलटंच धरलेलं असतं.
खालची दोन ओळींची टीप
नवा पोरगा मोठ्याने वाचतो.
त्याला वाटतं, उस्ताद त्याला शिकवतायत.

फाल्गुनीबेननी चष्म्याकडे पाहिलं.
माझ्याकडे नाही पाहिलं.
फाइल स्वतःकडे ओढली, पेनाची दोरी सोडवली.
'चालेल. मी विचारते, तुम्ही बोला.'
कितव्या महिन्यात झाली, पहिला शब्द कधी,
बुटाची नाडी बांधता येते का,
सगळं सांगितलं, तारखेवारासकट.
लिहून ठेवता येत नाही त्याला
विसरून चालत नाही.
चौथ्या पानावर त्या थांबल्या.
'घरात आणखी कोणाला असा त्रास?'

पंखा. भिंतीवर हत्ती, सिंह, ससा,
प्रत्येकाखाली त्याचं नाव.
पंधरा वर्षांत वृंदाला मी सांगितलेलं नाही.
पहिल्या महिन्यापासून ती पेपर मोठ्याने वाचते,
भाजी निवडता निवडता,
मी विचारलेलं नसताना.

'लिहा,' मी म्हणालो.
काय लिहा ते नाही म्हणालो.
त्यांनी लिहिलं. एक ओळ, अर्धीच.

रिपोर्ट पंधरा दिवसांनी.
बाहेर सेव-उसळची गाडी.
केतकी पाटीसमोर उभी, बोट हवेत,
एक अक्षर पुढे ढकलत, एक मागे घेत.
माझ्या हातातल्या वाटीत सेव मऊ पडत गेली.
'बरोबर ना, बाबा?'

इथे मी नेहमी हो म्हणतो.
चष्मा काढला, लावला. पाटी होती तशीच होती.
'नाही गं माहीत,' म्हणालो.
'थांब. पहिलं अक्षर तू धर,
दुसऱ्याचं मी बघतो.'