जेवणाआधीचं

भाऊबीजेला सांगलीचे व्याही येणार
सावद्याला, पहिल्यांदाच.
पोराचा फोन : आई, एकदम ताटं मांडू नकोस,
आधी थोडं स्टार्टर ठेव.
थोडं म्हणजे पोट भरू नये,
पण बघणाऱ्यानं वा म्हणावं.

आमच्यात पाणी, मग चहा, मग थेट पाट.
मधल्या जागेला नावच नव्हतं.

डबा उघडला. चैताचे बिबडे.
पहाटे चारला घाटा रटरटत होता,
नणंद कोकिळा, मी आणि भारंब्यांची सुलभा
ओल्या धोतरावर थापत गेलो
खाटेवर ऊन चढेस्तोवर.
तीळ मुठीनं, लसूण हाताला लागेल तेवढा.
आज त्यांचे चतकोर केले नि कढईत सोडले,
तर असे उलगडले,
जसं कुणी झोपेतून हाक मारून उठवलंय.

वर काय ठेवायचं? भरीतच.

ह्यांनी मागच्या अंगणात
गेल्या सालच्या पऱ्हाट्यांची मोळी सोडली.
पोस्टात तेहेतीस वर्षं शिक्के मारलेला माणूस,
पण वांग्यांपुढे उकिडवा बसला
की घरच्यांचंही ऐकत नाही.
मी काडी पुढे केली, तर म्हणाले,
आते पलटू नको वं, शिजू दे त्याले.
धूर शेजारच्या आकाशकंदिलात शिरला.
फिकट हिरवी बामणोदची वांगी
काळी होत होत मऊ पडली,
मग मिरच्या, मग लसूण, मग बडजी.
बडजीत ठेचा पडू लागला
की गल्लीला कळतं, आज कुणाकडे माणसं आहेत.

नव्या पांढऱ्या ताटलीत मांडलं :
प्रत्येक बिबड्यावर चमचाभर भरीत,
एक शेंगदाणा, कांद्याच्या पातीचं टिकल्याएवढं वर्तुळ.
बाजूला पाटोड्या, शंकरपाळ्याएवढ्या,
रश्शाशिवाय उघड्या उघड्या.
त्यांत पोरानं दातकोरणी टोचली.
म्हटलं, अरे, जेवणाच्या आधीच?

व्याह्यांनी वा म्हटलं.
फोटो काढला. एक घेतला,
डोळे पुसले, पाणी मागितलं.

मी मागल्या दारी आले होते,
बडजीपाशी, सकाळची कळण्याची भाकरी घेऊन.
कडेला चिकटलेलं भरीत
भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायचं,
हे मला कुणी शिकवलं नाही,
कुणी वाढलंही नाही.
थापताना चाटलेला घाटा,
तळताना मोडलेली पुरी :
पाहुण्यांच्या आधी आमचं असं उभ्याउभ्या
चालूच असायचं, चाळीस वर्षं.

वळून बघते, तर विहीणबाई.
जरीच्या काठाला राख लागेल इतक्या जवळ.
मी हात पदराला पुसला.
त्या म्हणाल्या, एकट्याच?
आणि मोळीच्या उरलेल्या काड्यांवर
सरळ बसल्याच.
तुकडा द्या इकडे.

माहेरी आम्ही पाच बहिणी,
पातेल्याच्या खरवडीसाठी केस ओढायचो, म्हणाल्या.
मग स्वयंपाकाला बाई आली.
ती पातेलं भिजत घालते.

लाकूड दिसेस्तोवर दोघींनी पुसलं.
पोरांचा विषय निघाला नाही.
मीठ जरा कमी आहे, त्या म्हणाल्या.
आहे, मी म्हटलं.

आत ताटलीतले बिबडे भरताखाली
मऊ पडून चामड्यासारखे झाले होते.
आई, हे कुरकुरीत राहायला हवं होतं, पोरगा.
म्हटलं, मग लगेच खायला हवं होतं.

निघताना पंचवीस कोरडे बिबडे
पेपरात बांधून दिले.
कृती त्यांनी विचारली नाही.
विचारलं, ही बडजी कुठं मिळते?
रावेरला एक सुतार होता, हे म्हणाले,
आता त्याचा पोरगा सोफे करतो.

बडजी धुऊन अंगणात पालथी घातलीय.
द्यावी म्हणते.
सांगलीच्या ओट्यावर मावेल का, कुणास ठाऊक.
ह्यांना अजून बोलले नाही.