शेरा

वायंगवेळच्या शाळेत जनसुनावणी होती.
खुर्च्या भाड्याच्या, पाणी बाटलीतलं,
आणि पडद्यावर आमचा सडा,
उपग्रहातून दिसतो तसा, बिनवासाचा.
भोवती लाल रेघ आणि एक शब्द: पडीक.

मी बत्तीस वर्षं वायरमन होतो.
सड्यावरून गेलेल्या मोठ्या तारांची गुणगुण
अजून झोपेत ऐकू येते.
त्या तारा आमच्यासाठी कधी थांबल्या नाहीत.
वीज डोक्यावरून शहरात जायची
आणि खाली तांडेलवाडीत, वादळानंतर,
एकवीस दिवस मेणबत्तीवर जाळी शिवली लोकांनी.
शिव्या मी खाल्ल्या, खांबावर बसून.

म्हणून आधीच सांगतो, उजेडाशी माझं भांडण नाही.
कोळशाची राख ज्यांनी
कलमांच्या मोहोरावरून बोटाने पुसली
त्यांना ऊन आवडणारच.

धाकू झोरे उठला.
चपला दाराबाहेर काढून आलेला तो एकटाच.
“सायेब, पडीक म्हंजे काय?
भादव्यात या. पाय ठेवायला जागा गावनार नाय,
इतकी फुलं.
माजी म्हसरं तितंच चरत्यात.
त्या कातळात मुरतंय तेच आमच्या हिरीत येतंय.
तुमी बाटलीतलं पिता,
आमी सड्यातलं.”

साहेब हसले. नोंद घेतो म्हणाले.
मग सौम्यपणे, पोराला विचारावं तसं:
“म्हणजे तुम्ही स्वच्छ ऊर्जेच्या विरोधात?”

कुणी बोलेना.
तेवढ्यात वीज गेली.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी निवृत्त आहे, म्हटलं.

पडदा गेला, लाल रेघ गेली,
आणि त्या काळोखात हुसैना सोलकर बोलली.
ती खाडीत तिसऱ्या वेचते. बोटं कालवांनी चिरलेली.
अकरा वर्षं, दर मोठ्या उधाणाला,
बंदराच्या पायऱ्यांवर ती चुन्याची रेघ ओढते.
“पयली रेघ पाचव्या पायरीवर हाय.
औंदा आठवी बुडली.
माज्या घरात गाडी नाय, एसी नाय,
मंग ह्या पान्याचा हिशोब
माज्याच दारात का येतो?
ऊन घ्या, नाय कोन म्हनतो?
बर्फाच्या कारखान्याचं छप्पर मोकळं हाय,
ह्या शाळेचं हाय.
शहरात तर म्हनं छपरंच छपरं.
तितं ऊन पडत नाय का?”

अंधारात कुणीतरी टाळी वाजवली, एकच.
मग वीज आली आणि चहा.

दिवाळीनंतर आम्ही चौदा पॅनेल चढवली
बर्फाच्या कारखान्यावर, सोसायटीच्या पैशातून,
त्यातली तीन जुनी, एकाला तडा.
शिडीवर माझे गुडघे बोलत होते.
पहिली लादी निघाली तेव्हा शेवंती तांडेलने
तिला हळदकुंकू वाहिलं.
बर्फावर कुंकू ठरेना,
गुलाबी ओघळ थेट गटारापर्यंत गेला.
सगळा बर्फ उन्हावर होतो असं नाही.
अर्धाही नाही. डिझेल लागतंच.
खोटं कशाला सांगू?

मग इतिवृत्त आलं, चार पानं.
धाकूचा धोंडू झालाय.
हुसैना कुठेच नाही,
वीज गेली होती तेव्हा लिहिणार कोण?
तळाशी शेरा:
‘उपस्थितांच्या शंकांचे निरसन करण्यात आले.’

पुढच्या अमावास्येला तिने मला बंदरावर बोलावलं.
“तुजं अक्षर बरं. खांबांवर आकडे काडायचास.”
चुन्याची डबी हातात दिली.
पाणी नुकतंच उतरत होतं.
नववी पायरी ओली होती, शेवाळ नव्हतं तिच्यावर,
तिला अजून सवय नव्हती.

मी दगड धोतराने पुसला.
रेघ ओढली. तारीख घातली. वेळ घातली.
आणि पुढे, शेऱ्यासाठी,
थोडी जागा सोडली.