वाजवून घेणे

वरच्या मजल्यावरची इंकेरी दारात उभी, काखेत फाटकी चटई.
"तुम्ही पत्र्याच्या कामात होता ना?"
होतो. एकतीस वर्षं, केमीच्या कागद गिरणीत
वाफेच्या नळ्यांना पत्र्याची कातडी चढवायचो.
"मग चला. डान्स पॅड घ्यायचंय. धातूचं. टिकेल असं."

म्हणजे माझ्या डोक्यावर रोज जे आदळतं
ते आणखी भक्कम निवडायला
मीच जायचं.

"ही तिसरी," ती म्हणाली. पहिलीचा स्पंज महिन्यात बसला,
दुसरीच्या बाणांना टाचेखाली टक्कल पडलं,
हिचा डावा बाण मुका.
मला ठाऊक होतं. आठवडाभर
तिचा डावा पाय उजव्याहून रागानं पडत होता.
हे तिला सांगितलं नाही.
शेजाऱ्यानं किती ऐकावं, यालाही काही रीत असते.

रोवानिएमीपर्यंत दीड तास. मार्चचा बर्फ,
वरून कडक, आतून भुसभुशीत.
गाडी मी चालवत होतो. ती मांडीवर बोटांनी
चार, चार, मग घाईघाईनं आठ.

ओत्सो नावाचा पोरगा, शिकायला तुर्कूला निघालेला.
तिथल्या खोलीत पलंग उघडला की दार उघडत नाही, म्हणाला.
गॅरेजात त्याचं पॅड: निळे-लाल बाण,
आरशासारखी चौकट, मागे धरायला दांडी.
चारशे युरो.
इंकेरीचे डोळे लकाकले, आणि मी
गुडघ्यांची परवानगी काढून खाली बसलो.

पत्रा डोळ्यांनी घेऊ नये. वाजवून घ्यावा.
पेरानं आधी मधोमध, मग कोपऱ्याकोपऱ्यांत.
तीन कोपरे एका सुरात बोलले,
चौथा खोकला.
"उलटं कर," मी म्हणालो.
ओत्सोनं कान चोळला. कशाला, म्हणाला. मग उलटं केलं.
उजव्या बाणाखाली सांध्याला तडा,
तड्यावर रंग, रंग अजून ताजा.
कुणी काही बोललं नाही.
पोराचे कान मात्र त्या बाणाइतके लाल.

"आणि ते?"
भिंतीशी दुसरं एक टेकलेलं होतं, त्यावर ओले बूट.
बिनरंगाचं, कुरूप, कडांना घासकाम नाही,
बाण खिळ्यानं ओरखडून काढलेले.
"ते विकायचं नाही. वडिलांनी केलेलं. भाऊ आणि मी
शेजारी शेजारी..." आणि तिथेच थांबला.
मी बूट बाजूला ठेवले. वाजवलं.
खणखणीत. नऊच्या नऊ चौकोन.
जोड असे, की ज्यानं केले त्याला
आपली पोरं किती जोरात नाचतात हे माहीत असावं.

इंकेरीनं बूट काढले, मोज्यांनिशी चढली.
गाणं नव्हतं. नुसतीच डावं, उजवं, पुढं, मागं,
एकदा घसरली, हसली,
पुन्हा चढली.
ओत्सो बघत राहिला. मग कोपऱ्यातून
खुर्चीएवढी रबराची गुंडाळी काढून म्हणाला,
"हे खाली घाला. नाहीतर खालचा माणूस वैतागेल."
"वैतागतो," मी म्हणालो.

छत्तीस किलो, तीन मजले, लिफ्ट नाही.
दर वळणावर ती टेकवायची, मी शिव्या द्यायचो,
दोघांनाही ते बरं वाटत होतं.
खाली रबर, रबरावर तिन्ही फाटक्या चटया,
त्यावर ओत्सोच्या बापाचं काम.

आता घरी. दहाला सहा मिनिटं कमी,
दहानंतर इमारतीत शांतता, तसा नियमच आहे.
झाडूचा दांडा हाताशी घेऊन मी पलंगावर पडलोय.
वरून येतंय ते आता आदळणं नाही,
जाड पुस्तक मिटल्यासारखं काहीतरी,
चार, चार, मग आठ.
डावा पाय शांत आहे.
मागच्या बाणाचा एक स्क्रू मात्र सैल.
उद्या पाना घेऊन जाईन.