वरून मूठभर

रात्री पावणेतीनला निल्डाचा फोन:
रुफिनो, दोन आकडे भांडतायत.
यंत्र म्हणतं सहा पॉइंट दोन,
तोंडाशी लावलेला सेन्सर म्हणतो तीन पॉइंट आठ.

एल आल्तोच्या पठारावर त्या वेळी
कुत्र्यांच्या भुंकण्यालाही धाप लागलेली असते.
मोजायची सिरिंज मी कोटाच्या आत, पोटाशी धरून आणली.
गारठलेली काच खोटं बोलते.

पेटीत सातशे चाळीस ग्रॅम.
मनगटाच्या पट्टीवर नाव नाही,
नुसतं 'तिकोनाची मुलगी'.
तिच्या एका श्वासानं
खोकल्याच्या औषधाचा चमचाही भरत नाही,
आणि तो मिनिटाला पन्नास वेळा द्यायचा,
न सांडता.

नळ्या चाचपल्या.
लांब नळी प्रत्येक दाबाला जराशी फुगते,
नाक्यावरच्या शिपायासारखा आपला वाटा काढते,
उरलेलं पुढं सोडते.
यंत्र मोजतं निघताना,
बाळ जगतं पोचलेल्यावर.
घशातल्या नळीच्या कडेनंही थोडं निसटतं.
वाफेचा थेंब सेन्सरच्या तारेवर बसला
की तोही आपलं मत देतो.
आणि कुठल्याशा कारखान्यात, समुद्राकाठी,
'उंची: शून्य मीटर' असं ठेवून
कुणीतरी खोकं बंद केलेलं.
आम्ही चार हजारांच्या वर राहतो हो.
इथली हवा विरळ विणीची.

शून्याचे चार हजार शंभर केले.
तार पुसली. सिरिंजनं पाच ढकलले,
चार पॉइंट चार आले.
पुन्हा. चार पॉइंट सात.
पुन्हा.
निल्डा हातानं फुगा दाबत उभी, घड्याळाकडे न बघता.

आणि हेही लिहून ठेवतो, कुणी विचारत नाही म्हणून:
हा सेन्सर स्वतःच एक मिलिलिटर जागा अडवतो.
तिनं टाकलेली हवा तिथं रेंगाळते
आणि पुढच्या श्वासाला तिलाच परत मिळते.
मोजण्याचं भाडं असतं.
ते तीच भरते.

काचेपलीकडे तिची आई, एउलालिया.
बाजारात चुन्यो विकते,
गोठवून वाळवलेले काळे बटाटे, तागडीनं.
म्हणाली, इंजिनियर, थोडं वरून घाला ना.
माप झालं की आम्ही गिऱ्हाइकाला मूठभर जास्त देतो,
यापा म्हणतो त्याला,
त्याशिवाय माप पुरं होत नाही.

मापात पाप म्हणजे कमी देणं,
हेच मीही लहानपणापासून धरून होतो.
पण ही फुप्फुसं ओल्या कागदाची.
वरची मूठ इथं फाडते.
हे आयमारात सांगू की स्पॅनिशमध्ये, ठरेना.
इथं नाही घालायचं, एवढंच बोललो.
चिक्कू दुकानदाराकडं बघावं तसं
तिनं माझ्याकडं पाहिलं.

साडेचारला आकडे शेजारी आले:
तीन पॉइंट नऊ, तीन पॉइंट आठ.
निल्डानं वहीत उतरवले.
मग पडद्यावर, यंत्राच्या दोन लाटांमध्ये,
एक बुटकी लाट.
कुणी न पाठवलेली. शून्य पॉइंट सहा.

तिची आहे, निल्डा म्हणाली.
मी म्हणालो, नळीत पाणी हललं असेल,
पाण्यालाही श्वासाची नक्कल येते.
नळी उचलून साचलेलं पाणी ओतलं,
आणि दोघं पडद्यासमोर थांबलो.

काचेला कपाळ टेकून
एउलालिया विचारत होती,
किती आलं?
किती?