दहा आकडे

मगदुमांच्या आत्याबाईंनी फोनवर नाव सांगितलं
तेव्हा आवाज इतका बारीक केला,
जणू बाळाचा कान माझ्याच डोक्याला आहे.
"बारशापर्यंत कुणाला कळता कामा नये.
सत्तावीस बिस्किटं. आणि अंडं नको, आमच्यात चालत नाही."

म्हणजे अंड्याचा पांढरा बाद.
काबुली चणे उकडले, चणे डब्यात गेले,
आणि मी बीटर घेऊन बसले त्या पिवळट पाण्यापुढं
ज्याला आईनं कायम मोरीचा रस्ता दाखवला.
पांढरं व्हायला अठरा मिनिटं.
पातेलं डोक्यावर उपडं धरलं. पडलं नाही.
पहिल्या घाण्याला पडलं होतं,
केस धुतले तरी मुंग्या येत होत्या उशीपर्यंत.

पिठीसाखर घरी दळलेली, दोनदा,
जुन्या मलमलीच्या ओढणीतून गाळलेली.
एक कण राहिला तरी कोनाचं तोंड बंद.
लिंबाचे चार थेंब.
मग ओलं फडकं टाकायचं वर,
नाहीतर वारं लागलं की सायीसारखा पापुद्रा धरतं.

पुढचं गावभागातल्या बाईला शिकवावं लागत नाही.
आधी घट्ट आयसिंगचा बांध, बिस्किटाच्या कडेकडेनं,
मग पाणी घालून सैल केलेलं आत सोडायचं.
फोनमधली बाई त्याला 'फ्लड' म्हणते, हसत हसत.
माझ्या ओट्याच्या वर, मसाल्याच्या फळीच्याही वर,
एक तपकिरी रेघ आहे.
दोनदा रंग दिला. येते परत.

सैल किती? सुरीनं चीर पाडायची आणि मोजायचं.
दहाला चीर मिटली पाहिजे.
सहालाच मिटली तर बांध ओलांडणार,
वीस झाले तरी दिसते तर घाला अजून चमचाभर पाणी.
मी मोजते तेव्हा ओठ हलतात,
त्या ऑगस्टात आयर्विन पुलाचे फूट मोजताना हलायचे तसे.
चाळीसपर्यंत आम्ही चहा पीत होतो.

आणि नाव काय, तर श्रेष्ठा.
श्र ची गाठ, वर मात्रा,
ष च्या पोटात तिरकी काडी, खाली लोंबणारा ठ,
सगळं दोन इंचांत, दुधाच्या पिशवीच्या कोनातून.
टाचणीनं बुडबुडे फोडले, पंख्याखाली रात्रभर ठेवले.
हवा दमट. सकाळी बोट लावलं तर ष्ठ अजून ओला.

दुपारी आत्याबाई परत फोनवर.
उपाध्यांनी अक्षर बदललं. आता इरा.
"सोपं आहे ना लिहायला?"
सोपं आहे.

सत्तावीस नवी भाजली, भरली, लिहिली, पोचवली.
जुन्यांचा डबा घरात राहिला:
कुणालाच न मिळालेलं एक नाव, सत्तावीस वेळा.

माझं ताटात लिहिलं होतं, तांदळात, अंगठीनं.
ह्यांच्या हाताला घाम, दाणे चिकटत होते.
सगळ्यांनी वाकून वाचलं, टाळ्या झाल्या,
मग कुणाचा तरी पदर लागून ताट हललं.
ते तांदूळ शिजवले की कोंबड्यांना टाकले,
मी विचारलं नाही. तेवीस वर्षं झाली.

कोनात थोडं आयसिंग उरलं होतं, घट्ट व्हायला लागलेलं.
एक कोरं बिस्किट होतं, कड जराशी करपलेली.
लिहिलं: सुलेखा.
हात सवयीचा, रेघ कुठं थरथरली नाही.
ठेवलं वाळत, खिडकीपासून लांब.

सकाळी हे चहा घेऊन उभे, तोंडात घास.
"हे नाव बरं होतं की. कुणाचं?"

मी बशीत पाहिलं.
सु आणि ले गेले होते.
तुकड्यावर शिल्लक होतं,
स्वच्छ, पांढरं, कडक वाळलेलं:
खा.

खाल्लं मी.