आत कोणी आहे का?

गौरी पटांगणावर गाडी लावली,
खटका दाबला, हँडल वर धरून दार लोटलं
आणि त्या आवाजातच कळलं.

किल्ली आत.
स्टिअरिंगखाली अजून हलतेय,
तिच्याच कडीत घराची, कपाटाची, गच्चीची.
आणि शेजारच्या सीटवर बाबा.
तांब्यात, लाल फडक्यात,
कलंडू नयेत म्हणून पट्टा लावलेले.
जिवंतपणी एकदाही लावून घेतला नाही.

घाटावरून गुरुजींचा फोन,
"ताई, बुधवार आहे, बाराला राहुकाळ लागतो."
म्हटलं, "आलेच. बाबा जरा अडकलेत."

मग माणसं जमली.
गंगेवर माणसं जमायला काय लागतं!
पावत्या फाडणारा पोरगा म्हणाला, बुटाची नाडी द्या, फासा करतो.
द्रोण विकणारी म्हणाली, हँगर सरळ करा,
माझ्या दिरानं अश्शी उघडली होती.
धुळ्याहून आलेले एक काका,
मुंडण ताजं, कानामागे केस चिकटलेले,
म्हणाले, मागची बारकी काच फोडा, ती स्वस्तात बसते.
नाडी कुणाकडेच नव्हती. अर्धा घाट अनवाणी.

"दुसरी किल्ली असेल की घरी?"
आहे ना. सातपूरला.
त्या घरात, ज्याची किल्ली
त्या तिथे लोंबतेय.

ऊन सरकत त्यांच्या बाजूला आलं.
मी ओढणी काढून काचेवर धरली.
पावतीवाला बघत होता.
वेडेपणा आहे, कळत होतं.
हात भरून आला तरी धरून ठेवली.

शालिमारहून अवतारसिंग आला,
स्कूटर उभी करायच्या आधीच विचारलं,
"आत कोणी आहे का? लेकरू वगैरे?"
त्याचा रोजचा प्रश्न असणार.
"वडील आहेत," मी म्हटलं.

त्यानं दोन्ही तळवे काचेला लावून आत पाहिलं.
काही बोलला नाही.
चपला काढल्या, बाजूला जोडून ठेवल्या,
मग पेटी उघडली.

पेटीतून निघाली स्टीलची फूटपट्टी.
टोकाला खाच कापलेली,
आकडे झिजलेले, नऊ ते बारा तेवढे शिल्लक.
बत्तीस वर्षं अशीच एक बाबांच्या खिशात.
कारखान्यात ड्रॉइंग काढायचे,
घरी आल्यावर काहीही मोजायचे.
एकदा पोळीची जाडी मोजली,
आई आठ दिवस बोलली नाही.

काच आणि रबराच्या मधून पट्टी खाली गेली.
"जोर नाही लावायचा, ताई. कान लावायचा.
खटका आपणहून सांगतो कुठंय ते."
द्रोणवालीसुद्धा गप्प झाली.
पलीकडे कुणाच्या तरी नावानं मंत्र चालले होते,
गोत्र मला नीट ऐकू आलं नाही.

टक्.

तीनशे म्हणाला. दिले.
बाबांनी दोनशेवर आणला असता,
आणि वर चाळीसचा चहा पाजला असता.

पट्टा सोडताना अडकला.
मी ओढला नाही. थांबले.
मग सुटला.

बारा वाजून दहा मिनिटांनी रामकुंडात उतरलो.
गुरुजी म्हणाले, अडचणीला चालतं.
पाणी गुडघ्याएवढं, गार. राख एकदम गेली नाही,
थोडी माझ्या पायांभोवतीच फिरत राहिली.

संध्याकाळी घरी
त्यांचा खण उपसला.
स्क्रू, रबर, सुकलेली पेनं,
कशाकशाच्या हमीपत्रांचे गठ्ठे,
आणि तळाशी फिल्मच्या काळ्या डबीत गाडीची दुसरी किल्ली,
कधीच न वापरलेली.
तिला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
त्या उभट, ड्रॉइंगच्या अक्षरांत:

जादा किल्ली.
घरात ठेवू नये.