सात रकाने

जानेवारी. उणे चोवीस.
नऊ वाजले तरी खिडकीत रात्रच,
आणि माझ्या टेबलावर नववीच्या एकतीस मुलांची यादी:
कोण कुठे आठवडाभर काम शिकायला जाणार.

सेन्या गुरांच्या डॉक्टरकडे,
दुसरीत असल्यापासून तेच सांगतेय.
लूकास हॉकीच्या मैदानावर, काकाच तिथला व्यवस्थापक.
जुळ्या बहिणी बेकरीत; पहाटे चारला उठायचं
हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.
तीस नावांसमोर तीस पत्ते.
घोडं पेंड खातं ते एकतिसाव्यापाशी.

ओइवा तुर्क्किला.
"तुला काय आवडतं?" खांदे उडवतो.
"बरं, काय आवडत नाही?" तेच खांदे, जरा सावकाश.
संगणकावरची चाचणी दिली, एकशेवीस प्रश्न.
त्यानं सगळीकडे मधला पर्याय निवडला.
यंत्रानं बिचाऱ्यानं विचार केला, केला,
आणि उत्तर दिलं: समुपदेशक.
म्हणजे मी.
आम्ही दोघंही हसलो नाही.

मी फोन फिरवत राहिले.
लाकूडगिरणी: विम्याची अडचण.
वाचनालय: आधीच दोघं आहेत.
गॅरेज: गेल्या वर्षीच्या पोरानं काय केलं, विसरलात का?
शेवटी चर्चच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या,
दफनभूमीत रेयो एकटाच असतो,
त्याच्या कमरेचं काही खरं नाही,
पाठवा.

सोमवारी संध्याकाळी आईचा फोन.
"पंधरा वर्षांच्या पोराला थडगी खणायला?
हेच का तुमचं मार्गदर्शन?"
मी जे बोलले ते पत्रकातलं होतं,
गुळगुळीत, कुठेही न खुपणारं.
फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.
बावीस वर्षं शेळ्या हाकतेय,
तेही उंटावरून नाही, चाकांच्या खुर्चीवरून.

बुधवारी भेटीला गेले, नियमच आहे तसा.
तळ्याकडच्या उतारावर पत्र्याच्या पेटाऱ्याखाली
कोळसे धुमसत होते.
ते दोघं बाजूला थर्मासमधली कॉफी पीत उभे.
"काम थांबलंय?"
"हेच काम," रेयो म्हणाला.
पुढचं ओइवानं सांगितलं.
त्याची इतकी वाक्यं सलग मी कधी ऐकली नव्हती.
जमीन मीटरभर गोठलेली असते.
दीड दिवस ऊब द्यायची, मग खणायचं.
घाई केली की दात मोडतात,
यंत्राचे, त्यानं खुलासा केला.
"कुणासाठी आहे?"
"ऐला कोर्पेला. शहाण्णव वर्षांची.
आधी टेलिफोन जोडायची. ते केंद्रच बंद झालं.
मग शिवणकाम, मग आपल्या शाळेचं स्वयंपाकघर.
साठीनंतर ट्रॅक्टर शिकली."
तुला कसं ठाऊक, असं मी विचारायच्या आत म्हणाला,
"रेयो विचारून घेतो. प्रत्येकाचं.
कुणासाठी खणतोय ते माहीत नको का?"

शुक्रवारी अहवालाचा कागद आला.
काय शिकलास? वाट बघायला.
हे काम पुढे करशील का? नाही.
खाली बारीक अक्षरात कारण: कंबर.
उन्हाळ्यात गवत कापायला मात्र
रेयोनं त्याला बोलावलंय. पगारी.
आईचा पुन्हा फोन आला नाही,
पण जुळ्यांच्या वडलांचा आला, तो वेगळा विषय.

फेब्रुवारीत प्रवेशअर्ज. सात रकाने, पसंतीच्या क्रमानं.
ओइवा समोर बसला. सातही कोरे.
बोट पहिल्यावर ठेवून म्हणाला,
"ऐला कोर्पेलानं इथे काय लिहिलं असतं?"
तेव्हा असे रकाने नव्हते,
असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.
टेलिफोन, लिहिलं असतं बहुतेक.
आणि चुकलंही नसतं.

बाहेर उजेड होता, थोडा, निळसर.
मुदत मंगळवारपर्यंत होती. आज गुरुवार.
मी खणातून दोन कप काढले.
त्यानं पेन्सिल खाली ठेवली नाही,
लिहिलंही नाही.